माल्टोडेक्स्ट्रिनच्या पोटात काय आहे? स्टार्चचे तुकडे जेल कॉलमवर आकारानुसार वेगळे करण्याची कृती

माल्टोडेक्स्ट्रिनच्या, म्हणजे स्टार्च तोडून केलेल्या पावडरीच्या, दोन पिशव्या आहेत आणि दोन्हींवर ‘डीई ११’ छापलेलं आहे. पहिली पावडर पाण्यात टाकली की नितळ, पातळ द्रावण होतं. दुसरीचं द्रावण दाटसर होतं, जिभेला किंचित गोड लागतं आणि थंडीत रात्रभर ठेवलं तर तळाशी पांढरा साका धरतं. आकडा एकच, मग वागणं वेगळं का?

डीई म्हणजे डेक्स्ट्रोज तुल्यांक. ग्लुकोजच्या साखळ्यांची क्षपणक्षम टोकं (रासायनिक चाचणीत रंग देणारी, प्रत्येक साखळीला एकच) मोजून तो काढतात. शुद्ध ग्लुकोजचा डीई १००, अखंड स्टार्चचा जवळजवळ शून्य. वीसच्या खाली असेल तर माल्टोडेक्स्ट्रिन म्हणायचं आणि वीस किंवा वर असेल तर ग्लुकोज सिरप. पण हा आकडा सरासरीचा आहे. थोडा हिशोब करून बघा. प्रत्येक साखळीत बरोबर १० ग्लुकोज असतील तर एका रेणूचा भार १६३८ होतो आणि डीई येतो ११. आता दुसरं मिश्रण घ्या: वजनाने १० टक्के सुटं ग्लुकोज आणि ९० टक्के ९० ग्लुकोजच्या लांब साखळ्या. ग्लुकोजमुळे १० मिळाले, लांब साखळ्यांमुळे साधारण १.१, म्हणजे इथेही डीई ११. या दुसऱ्या पावडरीत एकही मधल्या लांबीची साखळी नाही!

गोडवा, दाटपणा, पावडर ओलसर होऊन चिकटणं, पोटात पचण्याचा वेग, हे सगळं साखळ्यांच्या लांबीची वाटणी कशी आहे त्यावर ठरतं. म्हणून खाद्यसंशोधनात नव्याने आलेल्या प्रत्येकाने एकदा तरी ही वाटणी स्वतःच्या हाताने उलगडून बघावी असं मला मनापासून वाटतं. महागडं यंत्र नसलं तरी चालतं. काचेचा एक कॉलम, योग्य जेल, पाणी आणि एक साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर यांवर पहिली पायरी नीट पार पडते.

मोठे आधी, छोटे मागून

पीठ चाळताना बारीक कण आधी खाली पडतात. जेल कॉलमवर उलट घडतं आणि नवख्याचा पहिला गोंधळ इथेच होतो. जेलचे मणी सच्छिद्र असतात. ज्या रेणूला छिद्रात शिरताच येत नाही, तो मण्यांच्या मधल्या जागेतून सरळ खाली जातो. लहान रेणू मात्र प्रत्येक मण्याच्या आतबाहेर करत हिंडतो, त्याचा रस्ता लांबतो आणि तो शेवटी बाहेर येतो. मधल्या आकाराचे रेणू आपापल्या मापाने मध्ये येतात. इथे काही चिकटत नाही, रासायनिक क्रिया होत नाही.

१९५५ मध्ये लंडनमध्ये ग्रँट लेथ आणि कॉलिन रुथवेन यांनी या पद्धतीचा पाया घातला, तेव्हा त्यांनी कॉलममध्ये भरले होते ते फुगवलेले स्टार्चचे कण. आज आपण ज्या स्टार्चचे तुकडे वेगळे करतो, तोच तेव्हा वेगळं करण्याचं साधन होता. पुढे १९५९ मध्ये पोराथ आणि फ्लोडिन यांनी जोडबंध घातलेलं डेक्स्ट्रान जेल आणलं आणि पद्धत सर्वत्र पसरली.

एक गोष्ट आत्ताच मनात पक्की करा: कॉलमला रेणूचं वजन कळत नाही, पाण्यात तो किती जागा व्यापतो एवढंच कळतं. फांद्या असलेला रेणू त्याच वजनाच्या सरळ साखळीपेक्षा आटोपशीर असतो, म्हणून तो उशिरा येतो आणि हलका असल्याचा भास होतो. स्टार्चच्या दोन घटकांपैकी अमायलोज बहुतांशी सरळ, अमायलोपेक्टिन फांद्यांचं, आणि माल्टोडेक्स्ट्रिनमध्ये दोन्हींचे तुकडे असतात.

जेल कोणतं घ्यावं

कोणता प्रश्न सोडवायचा आहे त्यावर हे ठरतं. ग्लुकोज, माल्टोज (दोन ग्लुकोज), माल्टोट्रायोज (तीन ग्लुकोज) अशा लहान साखळ्या एकेक करून सुट्या दिसायला हव्या असतील तर पॉलिअ‍ॅक्रिलामाइडचं बायो-जेल पी-२ घ्या. त्याचा पल्ला साधारण १०० ते १८०० डाल्टनचा (डाल्टन म्हणजे रेणुभाराचं एकक) आहे. थोड्या लांब साखळ्यांसाठी पी-४, त्याचा पल्ला ८०० ते ४०००. आणखी लांबसाठी पी-६, ६००० पर्यंत. अखंड अमायलोज आणि अमायलोपेक्टिन वेगळे करायचे असतील तर सेफारोज सीएल-२बी सारखं अ‍ॅगारोजचं जेल लागतं. एकच जेल सगळ्या लांब्यांना पुरेल ही अपेक्षा ठेवू नका.

सुरुवातीला पॉलिअ‍ॅक्रिलामाइडच बरं असं मी सांगेन. डेक्स्ट्रान किंवा अ‍ॅगारोजचं जेल स्वतःच कर्बोदक आहे. त्यातून अगदी थोडं जरी झिरपलं तरी शर्करेच्या चाचणीत ते तुमच्या नमुन्यात मिसळून रंग देतं. पॉलिअ‍ॅक्रिलामाइडच्या बाबतीत ही धास्ती नाही.

पुढची सगळी मापं पी-२ आणि १.६ सेमी व्यासाच्या, ९० सेमी उंच भरलेल्या कॉलमसाठी आहेत. अशा भरणीचं आकारमान साधारण १८० मिली होतं. कॉलमला भोवती गरम पाणी फिरवण्याचं आवरण असेल तर ६० अंश सेल्सिअसला चालवा. गरम पाण्याचा दाटपणा कमी असतो, रेणू छिद्रांत पटापट आतबाहेर करतात, आलेखातली शिखरं अरुंद होतात आणि जंतूही वाढत नाहीत.

नमुना तयार करणं: खरी मेहनत इथे

वाईट आलेख हाती घेऊन कुणी विचारायला आलं, की मी आधी कॉलमबद्दल विचारत नाही, नमुना कसा केला ते विचारतो. बहुतेक वेळा चूक तिथेच सापडते.

एन्झाइमने स्टार्च तोडला असेल तर एन्झाइम खरोखर थांबलं का? साधं अमायलेज दहा मिनिटं उकळल्यावर थांबतं. पण उष्णता सोसणारं जिवाणूजन्य अमायलेज उकळत्या पाण्यातही काम करत राहतं, त्याला त्यासाठीच निवडलेलं असतं. द्रावण गरम असतानाच त्याचा सामू ३.५ च्या आसपास उतरवून काही वेळ तसंच ठेवावं लागतं आणि मग परत तटस्थ करावं लागतं. हे राहून गेलं तर रात्रभर कॉलमची वाट बघत असलेल्या नमुन्यात साखळ्या तुटत राहतात, आणि सकाळी तुम्ही कालच्या नमुन्याचं नव्हे, आजच्याच कुठल्यातरी मिश्रणाचं मोजमाप करत असता.

तटस्थ केल्यावर मीठ तयार होतं. ते शर्करेच्या चाचणीत दिसत नाही, पण अपवर्तनांक मोजणारा डिटेक्टर वापरत असाल तर शेवटच्या भागात खोटं शिखर उभं करतं. धन आणि ऋण आयन विनिमय रेझिनच्या मिश्रणाबरोबर थोडा वेळ हलवून गाळून घेतलं की मीठ जातं.

यानंतर येतो अमायलोजचा प्रश्न. लांब सरळ साखळ्या थंड होताना एकमेकींना बिलगतात आणि साक्यासारख्या खाली बसतात. सर्वांत लवकर बसतात त्या साधारण शंभर ग्लुकोजच्या आसपासच्या साखळ्या. दहापेक्षा लहान साखळ्या एकट्या असताना असं करत नाहीत. म्हणून नमुना गरम पाण्यात विरघळवा, ०.४५ मायक्रोमीटरच्या गाळणीतून गरम असतानाच गाळा आणि रेंगाळू न देता कॉलमवर चढवा. गाळणीवर काही अडकलं तर ते वाळवून वजन करा आणि वहीत लिहा. तो तुमच्या नमुन्याचाच भाग आहे. मुकाट्याने फेकून दिला तर आलेखातून लांब साखळ्या गायब होतील आणि नमुना आहे त्यापेक्षा ‘बारीक’ वाटेल.

द्रावण किती तीव्र असावं? २५ मिलिग्रॅम प्रति मिली, आणि एकूण २ मिली. म्हणजे कॉलमवर ५० मिलिग्रॅम गेले आणि नमुन्याचं आकारमान भरणीच्या एक टक्क्याच्या जवळ राहिलं. जास्त माल एकदम संपवण्याचा मोह होतो. पण दाट नमुना पातळ पाण्यात सरळ रेषेत उतरत नाही, बोटं फुटल्यासारखा वेडावाकडा उतरतो आणि शेजारची शिखरं एकमेकांत मिसळतात.

कॉलम भरणं

पी-२ चे कोरडे मणी एका ग्रॅमला साधारण ३ मिली फुगतात, तेव्हा १८० मिलीसाठी ६० ग्रॅम घ्या, वर थोडे जास्तीचे. उकळून गार केलेल्या पाण्यात ते हळूहळू शिंपडा आणि किमान चार तास फुगू द्या. चुंबकी कांडीने ढवळू नका, मणी चिरडतात आणि त्यांचा चुरा प्रवाह तुंबवतो. काचेच्या दांड्याने सावकाश हलवा, जड मणी बसू द्या आणि वर तरंगणारा बारीक गाळ ओतून टाका. हे तीन-चार वेळा करा. मग पंप लावून लगद्यातली हवा काढा. कॉलम ६० अंशाला चालवणार असाल तर लगदाही त्याच तापमानाचा हवा. थंड लगदा आत गरम झाला की विरघळलेली हवा बुडबुडे होऊन बाहेर येते.

कॉलम ओळंब्याने सरळ उभा करा, तळाशी थोडं पाणी ठेवा आणि लगदा एकाच दमात ओता. थांबून थांबून ओतला तर आत थरांच्या सीमा तयार होतात आणि प्रत्येक सीमेवर उतरणाऱ्या नमुन्याचा पट्टा थोडा फाटतो. बसल्यावर भरणीच्या दोन-तीन पट पाणी सोडा.

बाहेर जाणाऱ्या नळीचं टोक भरणीच्या माथ्यापेक्षा किंचित वर ठेवा. रात्री वरची टाकी रिकामी झाली तरी पाण्याची पातळी त्या उंचीखाली जाणार नाही आणि भरणी कोरडी पडणार नाही. माझा एक कॉलम असाच एका रात्रीत कोरडा पडून तडकला होता. तीन दिवसांचं काम गेलं, जेल पूर्ण उपसून पुन्हा भरावं लागलं. तेव्हापासून नळीची उंची तपासल्याशिवाय मी दिवा मालवत नाही.

पट्टी आखून घेणं

भरलेला कॉलम म्हणजे आकडे नसलेली फूटपट्टी. आधी ब्लू डेक्स्ट्रान सोडा. त्याचा रेणुभार वीस लाखांच्या घरात असल्याने तो एकाही छिद्रात शिरत नाही. निळा पट्टा आडवा, सपाट उतरतो आहे का हे डोळ्यांनी बघा. एका बाजूने तिरका धावत असेल तर कॉलम तिरका आहे किंवा भरणी नीट बसलेली नाही. तो जितक्या मिलीला बाहेर येतो ते रिक्त आकारमान, आपल्या कॉलमवर साठ मिलीच्या आसपास. मग ग्लुकोज, माल्टोज आणि माल्टोट्रायोज सोडून त्यांच्या जागा लिहून ठेवा. त्यांचे रेणुभार अनुक्रमे १८०, ३४२ आणि ५०४, पुढे प्रत्येक ग्लुकोजमागे १६२ ची भर.

पी-२ ची खरी गंमत अशी की पहिली तीन शिखरं ओळखली की उरलेली फक्त मोजायची असतात, जिन्याच्या पायऱ्यांसारखी. चांगल्या भरणीवर दहा-बारा पायऱ्यांपर्यंत शिखरं सुटी दिसतात, त्यापुढे एकमेकांवर चढत जातात.

आता नमुना चढवायचा. भरणीवरचं पाणी माथ्यापर्यंत उतरू द्या, बारीक नळीने नमुना काचेच्या कडेने सोडा, तो आत मुरला की एक-एक मिली पाण्याने दोनदा धुवा आणि मग टाकी जोडा. प्रवाह तासाला १० ते १२ मिली ठेवा. पूर्ण फेरी पंधरा-अठरा तास चालते. घाई करून प्रवाह दुप्पट केला तर लांब साखळ्यांना छिद्रांत शिरायला वेळच मिळत नाही. दर दोन मिलीला एक नळी, म्हणजे साधारण नव्वद नळ्या भरतील.

नळ्यांमध्ये किती साखर आहे

फिनॉल-सल्फ्युरिक आम्ल चाचणी १९५६ पासून वापरात आहे आणि अजूनही तिच्याइतकी भरवशाची साधी पद्धत नाही. १ मिली नमुना, १ मिली ५ टक्के फिनॉल, आणि त्यावर ५ मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल झपकन, थेट द्रवाच्या पृष्ठभागावर. रंग येतो तो आम्ल आणि पाणी मिसळताना निघणाऱ्या उष्णतेमुळे, म्हणून प्रत्येक नळीत ओतण्याची पद्धत अगदी सारखी हवी. दहा मिनिटं थांबा, हलवा, २५ ते ३० अंशाच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवा आणि ४९० नॅनोमीटरला वाचन घ्या.

चाचणी एका नळीत १० ते ७० मायक्रोग्रॅम शर्करेपर्यंत सरळ चालते. आपले ५० मिलिग्रॅम साधारण नव्वद मिलीत पसरतात, म्हणजे सरासरी अर्धा मिलिग्रॅम प्रति मिली आणि शिखरावर त्याहून जास्त. तेव्हा आधी वीसपट पातळ करा. ग्लुकोजची प्रमाण रेषा रोज नव्याने काढा. नळ्या कागदाने किंवा कापसाने पुसू नका, सेल्युलोजचा एक तंतूदेखील या चाचणीत साखर म्हणूनच मोजला जातो.

आणि सुरक्षितता. फिनॉल त्वचा जाळतं आणि बधिरही करतं, त्यामुळे दुखायला उशीर होतो. अंगावर पडलं तर भरपूर पाण्याने लगेच धुवा आणि वैद्यकीय मदत घ्या. चष्मा, हातमोजे, धूर खेचणारं कपाट, यांत सवलत नाही. आणखी एक धोका नवख्यांना कुणी सांगत नाही: कॉलम टिकवण्यासाठी पाण्यात सोडियम अ‍ॅझाइड घालतात, आणि अ‍ॅझाइड असलेल्या नळीत तीव्र आम्ल ओतलं की हायड्राझोइक आम्लाचा विषारी वायू निघतो. अ‍ॅझाइड फक्त साठवताना वापरा आणि फेरीआधी भरणीच्या किमान दुप्पट शुद्ध पाण्याने धुऊन काढा.

एवढी काळजी घेतलेली असली तरी नळ्यांत जमा झालेले हे भाग चाखण्यासाठी नाहीत. चवीचा अभ्यास करायचा असेल तर खाद्य दर्जाच्या इथेनॉल आणि पाण्याने लांब साखळ्या टप्प्याटप्प्याने खाली बसवण्याची वेगळी पद्धत घ्यावी, तीही खाद्य दर्जाच्या भांड्यांत.

बेरीज जुळली का?

आलेख काढण्याआधी बेरीज करा. सगळ्या नळ्यांतली शर्करा मिळून तुम्ही चढवलेल्या ५० मिलिग्रॅमच्या ९५ टक्क्यांच्या वर आली पाहिजे. इथे एक बारीक दुरुस्ती लागते: चाचणी सगळं ग्लुकोज म्हणून मोजते, पण साखळीत जोडलं जाताना प्रत्येक ग्लुकोज पाण्याचा एक रेणू सोडतं. लांब साखळ्यांसाठी वाचनाला ०.९ ने गुणा, माल्टोजसाठी ०.९५ ने. बेरीज ऐंशी टक्क्यांवर अडकली तर आलेख कितीही देखणा असो, तो बाजूला ठेवा आणि हरवलेला माल शोधा. बहुधा तो गाळणीवर, नमुन्याच्या कुपीच्या तळाशी किंवा भरणीच्या माथ्यावर साका होऊन बसलेला असतो.

मग आडव्या अक्षावर मिली आणि उभ्या अक्षावर मिलिग्रॅम घेऊन आलेख काढा. साठ मिलीजवळ उंच शिखर दिसलं तर त्याला ‘एक मोठा घटक’ समजू नका. तिथे पी-२ च्या आवाक्याबाहेरचं सगळंच एकत्र आलेलं असतं, वीस ग्लुकोजच्या साखळीपासून हजारांच्या साखळीपर्यंत. त्या नळ्या एकत्र करून पी-६ वर किंवा त्याहून मोठ्या छिद्रांच्या जेलवर पुन्हा चालवाव्या लागतात. त्याआधी आयोडीनचा एक थेंब टाकून बघण्यासारखं आहे. बारा ग्लुकोजखालच्या साखळ्या रंग देत नाहीत, वीस-तीसच्या तांबूस आणि पंचेचाळीसच्या वरच्या सरळ साखळ्या निळा देतात. एका थेंबात बरंच कळतं.

प्रत्येक नळीत क्षपणक्षम टोकंही मोजली, तर एकूण ग्लुकोज भागिले टोकं म्हणजे साखळीची सरासरी लांबी. त्यासाठी नेल्सन-सोमोगी पद्धत वापरा. डीएनएस (डायनायट्रोसॅलिसिलिक आम्लाची) पद्धत सोपी आहे, पण लांब साखळीच्या एका टोकाला ती ग्लुकोजच्या एका टोकापेक्षा जास्त रंग देते, त्यामुळे साखळ्या आहेत त्यापेक्षा आखूड भासतात.

पुढे यंत्रावर जाल तेव्हा

उच्च दाबाच्या यंत्रावर हीच फेरी अर्ध्या-पाऊण तासात होते आणि अपवर्तनांकाचा डिटेक्टर नळ्यांचं काम वाचवतो. त्याला तापमानातला थोडासा बदलही खपत नाही, एवढं ध्यानात ठेवा. लहान साखळ्यांसाठी चांदीच्या आयनांनी भारलेल्या रेझिनचे कॉलम मिळतात, तेही केवळ गरम पाण्यावर चालतात. लांब साखळ्यांसाठी पुलुलान या ग्लुकोजच्याच बहुशर्करेच्या प्रमाण नमुन्यांनी पट्टी आखतात. पुलुलान फांद्यांशिवायचं आहे, म्हणून फांद्या असलेल्या माल्टोडेक्स्ट्रिनचा रेणुभार सांगताना ‘पुलुलानच्या तुलनेत’ हे शब्द गाळू नका. खरा रेणुभार हवा असेल तर प्रकाश-विकिरणाचा डिटेक्टर जोडावा लागतो. अखंड अमायलोपेक्टिन तर इतकं अवाढव्य असतं, की कॉलममधून ढकलताना ते घासून तुटतं. त्याचा अभ्यास करणारे बहुधा आधी आयसोअमायलेज या एन्झाइमने फांद्या छाटतात आणि सुट्या झालेल्या साखळ्यांची लांबी मोजतात.

काम संपल्यावर कॉलममध्ये ०.०२ टक्के अ‍ॅझाइडचं पाणी भरा, दोन्ही टोकं बंद करा आणि काचेवर चिठ्ठी लावा: जेलचं नाव, भरल्याची तारीख, भरणीची उंची, ब्लू डेक्स्ट्रान आणि ग्लुकोज किती मिलीला आले, आणि ठळक अक्षरांत ‘आत अ‍ॅझाइड आहे, आधी धुवा’.